गाव उठू नये म्हणून

मराठीत गाव वसते आणि गाव उठते. वसायला पिढ्या लागतात. उठायला लागोपाठ दोन कोरडे पावसाळे पुरतात. आम्ही उभयता वसईच्या हिरव्या वाड्यांत वाढलो. अंगणात विहीर, वाडीच्या कडेला बावखल आणि पागोळ्यांचे पाणी कोठे जाते याची कोणालाच चिंता नाही, अशा मुलखातील माणसांना 'गाव उठले' हा शब्दप्रयोग केवळ पुस्तकातून ठाऊक असतो. नोकरीच्या निमित्ताने आमची काही वर्षे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात गेली आणि तोच शब्द आम्हांला माणसांच्या तोंडून, तोही अगदी साध्या स्वरात, ऐकावयास मिळाला. आमच्या शेजारच्या आजी 'बहात्तर साली गाव उठलं' असे सांगत, ते आपण 'त्या साली घर शाकारले' असे सांगावे तसे. दुःख नव्हते असे नाही. परंतु ते फार जुने, वापरून गुळगुळीत झालेले दुःख होते.

माणदेश हा नकाशावर एका रंगाने दाखविलेला प्रदेश नव्हे. सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि जत, सोलापूर जिल्ह्यातील सांगोला असा तो तीन जिल्ह्यांत पसरला आहे. महादेवाच्या डोंगररांगेत उगम पावून दहिवडी व म्हसवडवरून पुढे आटपाडी-सांगोल्याकडे जाणारी आणि शेवटी भीमेस मिळणारी माणगंगा हे त्याचे सूत्र. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस असलेल्या माणमध्ये जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात. सह्याद्रीच्या सावलीत राहण्याचे हे देणे आहे. त्यामुळे येथील माणूस पूर्वापार चालता राहिला. धनगर मेंढरे घेऊन पाण्याच्या मुलखाकडे गेला, कष्टकरी मुंबईच्या गिरण्यांत आणि बाजारपेठेत माथाडी म्हणून गेला, खानापूर-आटपाडीकडील तरुण गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोने-चांदी गाळण्यासाठी, भारतभर पांगला. गाव राहिले ते म्हाताऱ्यांचे, बायकांचे आणि मुलांचे.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल. निदान अमोल पालेकरांचा १९९५ सालचा चित्रपट पाहिला असेल. तिच्यात एक कोवळा शाळामास्तर माणदेशातील धनगरांच्या लहानशा वस्तीवर येतो, हळूहळू त्यांच्यापैकी एक होतो आणि वस्तीच्या श्रमातून तालीम उभी करण्याचा घाट घालतो. तालीम उभी राहते, औंधचे राजेसाहेब येतात, वस्तीची मान उंचावते. मग पाऊस दगा देतो आणि पाहता पाहता बनगरवाडी ओस पडते. आम्ही माणमध्ये राहत असताना ही कादंबरी पुन्हा वाचली, तेव्हा प्रथम वाचनात न जाणवलेला एक प्रश्न मनात आला. माणसे एकत्र आली, एक वास्तू उभी राहिली, तरी गाव का टिकले नाही? उत्तर कठोर होते. एकदिलाने दगड रचता येतात. परंतु ज्यावर सर्वांचे पोट आहे त्या पाण्याविषयी जोवर एकमत होत नाही, तोवर त्या दगडांची सावली कोणालाच धरून ठेवू शकत नाही.

ज्या औंध संस्थानाचे राजेसाहेब त्या कादंबरीत येतात, त्याच संस्थानाने गावाला स्वतःचा कारभार स्वतः करू देण्याचा एक विलक्षण प्रयोग केला होता, हेही येथे सांगितले पाहिजे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ साली महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना लागू केली. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे अभियंते त्या कामी साहाय्यास होते. आटपाडी तेव्हा औंध संस्थानातच होती. गावपंचायतींकडे कारभार आला, गावचे लहानसहान तंटे गावातच मिटविण्याचा अधिकार आला. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही बंदिवानांची भिंतीवाचूनची वसाहत त्याच काळातील. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७च्या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि तो प्रयोग तेथेच थांबला. पण 'आमच्या गावाचे आम्ही ठरवू' हा विचार या मातीला परका नव्हता, एवढे यावरून निश्चित दिसते.

१९७२च्या दुष्काळात माणदेशी माणूस खडी फोडत बसला. सरकारने काम दिले, सुकडी दिली, माणसे जगली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. त्याचे मोल कमी लेखू नये. परंतु दर दुष्काळात तीच खडी, तेच रस्ते आणि पाऊस पडला की पुन्हा तोच कोरडा ओढा, हे चक्र काही थांबले नाही. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला आणि अनेक कामगार गावी परतले. माणदेशाला लागून असलेल्या खानापूर तालुक्यात याच सुमारास लोकांनी एक साधा प्रश्न विचारला : आम्ही घाम गाळतो, तर तो पाणी अडविण्यासाठी का गाळू नये? मुक्तिसंघर्ष चळवळीतून, डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या साथीने, बलवडी व तांदुळवाडी या गावांनी येरळा नदीवर 'बळीराजा स्मृती धरण' बांधण्याचे ठरविले. नदीतील वाळू ठेकेदार उपसून नेत होते, विहिरी आटत होत्या. लोकांनी मागणी केली की थोडी वाळू आम्हांलाच विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधू. मोठ्या झगड्यानंतर ते मान्य झाले. वाळूचे पैसे आणि श्रमदान यांवर १९९०च्या सुमारास ते छोटे धरण उभे राहिले.

धरणापेक्षा आम्हांला त्यामागील करार मोठा वाटतो. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर कुटुंबागणिक. ज्याच्यापाशी जमीन नाही त्यालाही वाटा. आणि हे पाणी उसाला नाही. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७४ साली सुरू केलेल्या पाणी पंचायतीचेही सूत्र असेच होते : माणशी पाणी, भूमिहीनालाही हक्क. हा विचार पुढे आटपाडीत पोहोचला. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३पासून तेथे दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. कृष्णेचे पाणी आम्हांला हवे, एवढेच म्हणून त्या थांबल्या नाहीत. ते सर्वांना समान हवे, हेही त्यांनी बजावून सांगितले. मागणारा माणूस मागतानाच आपल्या शेजाऱ्याचा वाटा बाजूला काढून ठेवतो, हे दृश्य आपल्या सार्वजनिक जीवनात फारसे दिसत नाही.

म्हसवडच्या स्त्रियांची गोष्ट याच जातीची आहे. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथे बँक काढण्याचे ठरले, तेव्हा परवान्याचा अर्ज प्रथम नाकारला गेला. कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेक जणी अंगठा उठविणाऱ्या होत्या. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्हांला तोंडी विचारा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे २०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडलाच माणदेशी फाउंडेशनने चारा छावणी उघडली आणि २०१९मध्ये ती पुन्हा उघडावी लागली.

ती छावणी आम्ही पाहिली. दावणीला दावण लागलेली, हजारो जनावरे, उसाच्या वाढ्यांचे भारे, आणि प्रत्येक दावणीशी एक संसार. तीन दगडांची चूल, कापडाचे छप्पर, दप्तर उघडून बसलेली मुले. एक बाई गाईच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाली, "हिला इकली असती तर पोरांस्नी घिऊन कारखान्यावर जावं लागलं असतं. ही हाय म्हनून आमी हितं हाय." आम्ही त्या वाक्यावर पुष्कळ दिवस विचार करीत राहिलो. छावणी ही जनावरांची असे आपण समजतो. खरे तर तेथे एक गाव तात्पुरते मुक्कामास आले होते. ते उठले नव्हते. जनावर विकले की शेत सुटते, शेत सुटले की शाळा सुटते आणि मग घराला कुलूप लागते. गाव उठण्याचा हा क्रम आहे. छावणीने पहिल्याच पायरीवर पाय रोवला.

२०१६पासून चार वर्षे पाणी फाउंडेशनने गावागावांत पाणी अडविण्याची स्पर्धा घेतली, ती वाचकांना आठवत असेल. उन्हाळ्यातील ४५ दिवस. सलग समतल चर, बांधबंदिस्ती, दगडी बांध, शोषखड्डे. २०१८ साली महाराष्ट्रात पहिला क्रमांक माण तालुक्यातील टाकेवाडीने मिळविला आणि याच तालुक्यातील भांडवली दुसऱ्या क्रमांकात होती. पुण्या-मुंबईला गेलेली मुले रजा काढून कुदळ मारावयास आली. आम्हीही एका गावात काही दिवस पाट्या वाहिल्या. पहाटे चारला भोंगा वाजे, आणि बॅटरीच्या उजेडात डोंगरावर माणसांची रांग लागे. सुनेने खणावे आणि सासूने पाटी उचलावी, हे त्या गावात बहुधा प्रथमच घडत होते.

आणि त्याच वर्षी पावसाने पाठ फिरविली. ऑक्टोबर २०१८मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत माण होताच. चर खणले म्हणून ढग येत नाहीत. जे पडेल ते धरून ठेवणे एवढेच माणसाच्या हाती असते. निराश झालेल्या एका तरुणाला आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरं, घागर घासून ठिवली म्हंजी नळ सुटतोय व्हय? पर नळ सुटला आन घागर नसली, तर काय करशील?"

परंतु खरी कसोटी कुदळीची नव्हे, हे आम्हांला एका ग्रामसभेत कळले. डोंगराचा उतार तीन वर्षे चराईस बंद ठेवावा, म्हणजे गवत धरेल, माती थांबेल, असा विषय होता. देवळाच्या मंडपात सारे गाव जमले होते. बहुतेकांनी माना डोलावल्या. तेव्हा मागे खांबाला टेकून बसलेला एक धनगर उठून उभा राहिला. "डोंगर राखायचा म्हंतायसा, राखा. पर माजी शंभर मेंढरं काय तुमच्या सभंत चरायची?" हशा झाला, पण तो लवकरच विरला. त्याच्या मालकीचे एक गुंठाही रान नव्हते. गावाच्या भल्याची पूर्ण किंमत एकटा तोच मोजणार होता.

ती सभा रात्री अकरापर्यंत चालली आणि पुढील आठवड्यात पुन्हा भरली. अखेरीस ठरले ते असे : संपूर्ण डोंगर एकदम बंद न करता त्याचे भाग पाडावेत आणि ते पाळीपाळीने राखावेत. कापणी झालेल्या रानांत शेतकऱ्यांनी त्याची मेंढरे बसवावीत आणि त्या खताच्या बदल्यात त्याला धान्य द्यावे. मेंढरे बसविण्याची चाल तिकडे जुनीच आहे. ती रासायनिक खतांच्या पोत्यांमागे पडली होती. जुन्या चालीला नवे काम मिळाले. सर्व काही सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. एका घराने त्याच वर्षी चोरून कूपनलिका मारली, आणि तिच्यावरून गावात बोलाचाली बंद झाली. तरीही डोंगराचा करार मोडला नाही. कारण त्या करारात सर्वांत गरीब माणसाची सही होती.

आपल्या येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाणलोटाचे काम उभे केले, ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. १९९३ साली फादरांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटर ही संस्था स्थापिली. त्या कामातही पैसा आधी येत नसे. आधी गावाने श्रमदान करावयाचे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ठरवावयाची, आणि मग निधी. बाहेरच्या माणसाने गावात काय न्यावे याविषयी यात एक शहाणपण आहे. गावाने आपापसांत बोलणी करावीत यासाठी थांबण्याची तयारी ही त्याने न्यावयाची पहिली वस्तू होय.

आता माणदेशाचे चित्र पालटत आहे. उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू या उपसा योजनांचे पाणी टप्प्याटप्प्याने या दुष्काळी भागात पोहोचू लागले आहे. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या त्याची वाट पाहिली त्यांच्या आनंदात आम्ही सहभागी आहोत. अखेर एखाद्या मुलखाने केवळ काटकसरीच्या गुणावर जगावे, आणि नदीकाठच्यांनी ऊस पिकवावा, हा न्याय नव्हे. तथापि आम्हांला एक धास्ती वाटते, आणि ती वसईची माणसे म्हणून वाटते. दुष्काळात माणसे एकत्र बसतात, कारण बसण्यावाचून गत्यंतर नसते. पाणी आले की प्रत्येक जण आपापल्या बांधावर जातो. ऊस येतो, मोटारी येतात आणि देवळातील सभेला कोणी फिरकत नाही. चर बुजतात. मग कालव्याचे आवर्तन एका वर्षी चुकले की गाव पूर्वीपेक्षाही उघडे पडते. कारण पाणी नसतेच, आणि आता एकमेकांशी बोलण्याची सवयही उरलेली नसते.

आमच्या वसईत हेच घडले. पूर्वजांनी वाड्यांच्या कडेला बावखले खणली. पावसाचे पाणी तेथे साठे, जमिनीत मुरे, विहिरींना गोडवा देई. रहाटाने ते केळीला, पानवेलीला, भाजीला जाई. बावखल कोणी उपसावे, गाळ केव्हा काढावा, पाळी कोणाची, हे वाडीत ठरलेले असे. पुढे टँकरने पाणी विकण्याचा धंदा आला, विहिरी खारट होऊ लागल्या. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला, तो आपल्या समाजाचा अभिमानाचा ठेवा आहे. नंतर सूर्या धरणाचे पाणी नळाने घरात आले. तहान भागली, हे चांगलेच झाले. परंतु नळ आला आणि बावखल निरुपयोगी झाले असे आपण मानले. कोठे त्यात भराव पडला, कोठे कचरा पडला, कोठे त्यावर इमारत उभी राहिली. बावखलाबरोबर त्याची पाळी ठरविणारी माणसांची बैठकही बुजली. पण ते मात्र कोणाच्या नजरेस आले नाही.

पवित्र शास्त्रात इसहाकाची एक कथा आहे. त्याचा पिता अब्राहाम याने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि त्यांना पित्याने दिलेलीच नावे ठेवली. नव्या विहिरी खणल्या, तेव्हा पहिलीवरून भांडण झाले, दुसरीवरून वैर झाले. तिसरीवरून मात्र कोणी भांडले नाही, आणि तिचे नाव पडले रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. त्या कथेत आम्हांला माणदेशही दिसतो आणि वसईही. विहीर खणून पाणी लागते. पण जागा ऐसपैस होते ती भांडण थांबल्यावर.

माणदेशातील मित्रांना आम्ही सांगतो, बाहेरचे पाणी आले तरी देवळातील सभा मोडू नका. आम्ही मोडली, आणि आमची बावखले गेली. आणि आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना आम्हांला सांगावयाचे आहे ते याहून सोपे आहे. आपल्या वाडीत अजून किती विहिरी जिवंत आहेत, किती बावखले उरली आहेत, ती कोणाकोणाच्या सामाईक मालकीची आहेत, हे एका रविवारी मिस्सेनंतर बसून लिहून काढावे. घरातील वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांना नावे विचारून घ्यावीत. कारण प्रत्येक बावखलाला नाव होते. मग एकाचा गाळ पावसाळ्यापूर्वी काढावा. फक्त एकाचा. मात्र त्या बैठकीस वाडीतील भाडेकरूलाही बोलवावे, जमीन विकून बसलेल्यालाही बोलवावे आणि ज्याच्याशी बोलाचाली बंद आहे त्यालाही बोलवावे. शंभर मेंढरांच्या त्या धनगराला सभेत बोलू दिले नसते, तर तो डोंगर एक महिनाही राखला गेला नसता.